तळ्याकाठची माणसं : महाड गावचे जगणे आणि मरणे

दरवर्षी २० मार्चला आम्ही महाडला जातो. लालबाग-परळच्या चाळींतून रात्रीच गाड्या सुटतात. सकाळी तळ्याच्या पायऱ्या उतरून पाण्याला हात लावायचा, क्रांतिस्तंभाला वंदन करायचे, भाषणे ऐकायची, पुस्तकांच्या स्टॉलवर दहा-वीस रुपये मोडायचे आणि संध्याकाळी परत. १९९२ साली आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा गाडीला वेळ होता म्हणून बाजारात चहाला थांबलो. शेजारच्या बाकड्यावर एक म्हातारबाबा बसले होते. आमच्या छातीवरचे बिल्ले बघून म्हणाले, "पोरांनो, तुम्ही तळं बघून जाता. गाव कुणी बघत नाय." तेव्हा आम्हाला त्यांचा थोडा रागच आला. आता पन्नाशी उलटल्यावर त्यांचं बोलणं पटतं. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत तळ्याविषयी थोडं आणि गावाविषयी जास्त लिहितो आहोत.

महाड हे सावित्री नदीकाठचे जुने बाजाराचे गाव. पूर्वी मुंबईहून दासगाव बंदरापर्यंत बोट यायची, तिथून पुढे पाच मैल रस्ता. आसपासच्या खेड्यांतला माणूस मीठ-मिरची, कचेरीचे काम, कोर्टाची तारीख, पेन्शन असं काही ना काही निमित्त घेऊन महाडलाच यायचा. आपला माणूसही यायचा. पण दिवसभर उन्हात फिरून त्याला घोटभर पाणी मिळायचं नाही. भर गावात तळं आणि हा तहानलेला. त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत, मुसलमान पाणी भरत, ख्रिस्ती भरत. फक्त आपल्याला बंदी.

या भागात पलटणीतून आलेले पेन्शनर पुष्कळ. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतलेच. १८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन गावी आले आणि लेखणी धरली. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. पुढे सरकारने त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमले, तर बाकीच्या सभासदांना त्यांच्या शेजारी बसायचीच अडचण! १९०० साली ते गेले. तळ्याचा संगर झाला त्याच्या सत्तावीस वर्षे आधी. बाबासाहेबांच्या हाकेला कुलाबा जिल्हा एवढा का उठला, असं तरुण पोरं विचारतात. त्याचं अर्धं उत्तर या पेन्शनरांच्या ओसरीवर आहे.

रामचंद्र बाबाजी मोरे यांचं नाव मात्र आपल्या कार्यक्रमांत फार कमी घेतलं जातं, हे आम्ही स्पष्टच लिहितो. १९०३ साली महाड तालुक्यातल्या लाडवलीला त्यांचा जन्म झाला. पोर शिष्यवृत्ती मिळवण्याइतकं हुशार, तरी महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश नाही. या पोराने काय केलं? वर्तमानपत्राला पत्र लिहिलं! बोभाटा झाला तेव्हा शाळेने घेतलं, पण बसायला जागा वेगळी. पुढे बाजाराला येणाऱ्या आपल्या लोकांना पाणी मिळेना म्हणून त्यांच्याच खटपटीने महाडात चहाचं हॉटेल निघालं. तिथे चहा, पाणी आणि त्याबरोबर अर्ज लिहून मिळायचे. पेन्शनर जमायचे, गावोगावच्या बातम्या कळायच्या. १९२७ची परिषद अशा बाकड्यांवर आधी शिजली होती. मोरे नंतर लाल बावट्यात गेले, गिरणी कामगारांत राबले, १९७२ साली वारले. कम्युनिस्ट झाले म्हणून आपण त्यांना परकं केलं. आम्ही स्वतः गिरणीतले. दोन्ही झेंड्यांखाली उभे राहिलो आहोत. आम्हाला त्यात विसंगती वाटत नाही.

मुंबई कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली पास झाला. १९२४ साली महाड म्युनिसिपालिटीने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात. तीन वर्षे कोणी हात लावला नाही. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस हे महाडचेच, म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष, जातीने कायस्थ. नानांनी परिषदेसाठी आपल्या जातीचा आणि गावचा रोष ओढवून घेतला. भाषण करून घरी जाणारे समाजसुधारक पुष्कळ असतात. नानांना त्याच गावात राहायचं होतं, त्याच रस्त्याने रोज जायचं होतं. पुढे १९३७ साली ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडूनही आले.

१९ आणि २० मार्च १९२७. परिषदेला आलेल्या लोकांना प्यायला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. त्या काळचे चाळीस रुपये! दुसऱ्या दिवशी परिषद आटोपली, तेव्हा अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याचा विषय काढला आणि लोक शिस्तीने रांग धरून निघाले. बाबासाहेबांनी ओंजळ भरली. हे सर्वांना पाठ आहे. त्यानंतरचे दोन तास आपण भरभर सांगून मोकळे होतो. आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी कंडी पिकली. लाठ्या घेऊन जमाव मंडपावर आला. काही माणसं जेवत होती, काही गाठोडी बांधत होती. शिजलेलं अन्न मातीत गेलं. सुमारे वीस जण जबर जखमी झाले. कितीएक जणांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला, आणि त्या घरांनी दारं लावली नाहीत. डाक बंगल्यावर पेन्शनर मंडळी हाताच्या मुठी आवळून हुकमाची वाट बघत होती. बाबासाहेबांनी हुकूम दिला नाही. तो दिला असता तर महाडची त्या दिवशीची मरणं मोजायची पाळी आली असती.

मार मंडपात संपला नाही. गावोगाव निरोप गेले होते. परतणाऱ्यांना वाटेत गाठलं, वस्तीत गाठलं. पुढाऱ्यांना बोटी आणि मोटारी होत्या. खेड्यातल्या माणसाला मात्र त्याच पाटलाच्या बांधावरून घरी जायचं होतं. पुस्तकात त्याचं नाव "प्रतिनिधी" एवढंच. इकडे तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून शुद्धी झाली. ६ जून १९२७ रोजी मारेकऱ्यांपैकी पाच जणांना चार महिने सक्तमजुरी झाली. तेही महाडचेच रहिवासी. ऑगस्टात म्युनिसिपालिटीने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात "तळे खाजगी" म्हणून दावा लावणारेही तिथलेच. गावाचा इतिहास लिहायचा तर ही माणसंसुद्धा वगळता येत नाहीत. वगळली की मार आभाळातून पडला असं वाटायला लागतं.

डिसेंबरच्या परिषदेला मंडप घालायला हिंदूंनी जागा दिली नाही. फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जळाली ती त्या जमिनीवर. व्यापाऱ्यांनी माल विकायचे नाकारल्यामुळे धान्य बाहेरून आणावे लागले. तळ्यावर मनाई हुकूम असल्याने सत्याग्रह तहकूब झाला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे! १९२७ला मंडपात लाठी खाल्लेल्या म्हाताऱ्यांपैकी किती जण तो निकाल ऐकायला उरले असतील?

आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखतही महाडने पुष्कळ मरणं बघितली. जुलै २००५च्या पावसात जुई, रोहण, कोंडिवते आणि दासगाव या तालुक्यातल्या चार गावांवर डोंगर खचला. दीडशेहून जास्त माणसं गाडली गेली. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल दोन एस.टी. गाड्यांसकट वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडात पाच मजली इमारत कोसळली, सोळा जण गेले. २२ जुलै २०२१ला तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. पुरात महाडचा बाजार बुडाला तो वेगळाच. या मरणांत जात विचारायला कोणी आलं नाही. चिखल उपसायला सगळ्या वाड्यांची माणसं होती.

दासगाव हे नाव आपण नीट लक्षात ठेवावं. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने याच बंदरात उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. आता आमची गाडी महामार्गाने दासगावावरून भर्रकन जाते. गेली काही वर्षे आम्ही ड्रायव्हरला सांगून तिथे दहा मिनिटं थांबवतो. पोरं विचारतात, "इथं काय आहे काका?" मग खाली खाडीकडे बोट करून बोटीची गोष्ट सांगतो, आणि वर डोंगराकडे बोट करून २००५ची.