पाप कुणाचं? परंड्याचा किल्ला, पंडिता रमाबाई आणि किल्लारीची पहाट

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग मी परंड्याच्या किल्ल्यात बसून रेकॉर्ड करतोय. मधेमधे पाखरांचा आवाज येईल, वारंही आहे. सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला. नाव घेऊ नका म्हणाल्या, म्हणून घेत नाही. माहेर आपल्याच जिल्ह्यातलं, सास्तूरकडचं. घर ख्रिस्ती. ३० सप्टेंबर १९९३ ला त्या नऊ वर्षांच्या होत्या. आई आणि धाकटा भाऊ भिंतीखाली गेले. त्या म्हणाल्या, "दादा, मला जो तो उत्तरच देतो. शेजारची बाई म्हणायची, मागच्या जन्माचं काहीतरी असेल. चर्चमधले एक वडीलधारे म्हणाले, देवाची योजना होती. आता योजनेत माझ्या भावाचं काय काम होतं? तुम्ही इतिहास सांगता, तर एवढंच सांगा. आपल्या मराठी माणसांनी हा प्रश्न आधी कधी विचारला होता का? आणि विचारला तर त्यांना काय मिळालं?"

मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. तीनदा मेसेज ऐकला आणि ठरवलं, आपल्याला जी वाट माहीत आहे तिनंच जायचं. वाट इथूनच सुरू होते.

हा किल्ला बहामनी काळातला. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतलं, तेव्हा मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून काही काळ निजामशाहीचा कारभार परंड्याहूनच चालवला. विजापूरला जी मुलूखमैदान तोफ बघायला लोक जातात, ती आधी या तटावर होती. हे सगळं आपण मागच्या एका भागात बोललोय. त्या भागात एक गोष्ट मात्र मी घाईत सोडून दिली. १६३१ च्या सुमारास आझमखान मोगलांची फौज घेऊन परंड्याला वेढा घालून बसला आणि वेढा उठवून गेला. शौर्याच्या कथा असतील तशा असोत, मोठं कारण साधं होतं. जनावरांना घालायला वैरण नव्हती. १६३० ते १६३२ चा तो भयानक दुष्काळ. बादशहाच्या फौजेला जिथं गवत मिळेना, तिथं सीनेकाठच्या कुणब्यानं काय खाल्लं असेल?

त्याच दुष्काळात तिकडे देहूला तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. म्हणजे ताई, पहिलं उत्तर हे, की हो, विचारला होता. तुकोबा देवाशी भांडले, आणि भांडून झाल्यावर देवाला सोडून कुठं गेले नाहीत. पुढं अडीचशे वर्षांनी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्या पुलाखालून दुष्काळाचं पाणी वाहत होतं, किंवा वाहत नव्हतं म्हणा, हे आपण विसरतो.

आता बायबलकडे येऊ. 'पाप केलं म्हणून भोगतोय' हे उत्तर फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. बायबलमध्ये ईयोबाचं पुस्तक आहे, ४२ अध्यायांचं. भला माणूस. एका झटक्यात गुरंढोरं, माल, मुलंबाळं, सगळं जातं, अंगावर फोड येतात. तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस ते गप्प त्याच्याजवळ मातीत बसून राहतात, आणि माझ्या मते तेवढंच त्यांनी बरोबर केलं. मग बोलायला लागतात आणि अध्यायामागून अध्याय एकच पालुपद लावतात, की तू काहीतरी केलं असशीलच. ईयोब म्हणतो, नाही केलं, देवानं समोर यावं आणि सांगावं. शेवटी देव वावटळीतून बोलतो. 'का' चं उत्तर तो देत नाही, उलट ईयोबालाच प्रश्न विचारतो. पण रागावतो कुणावर? मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांवर! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो होतो.

येशूच्या काळात यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज पडला, अठरा माणसं मेली. येशूनं लोकांना विचारलं, ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच सांगितलं, नाही. त्याच दमात ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करा असंही बजावलं, ते लपवून चालणार नाही. पण मेलेल्यांच्या माथी त्यानं पाप मारू दिलं नाही. मी आत्ता बुरुजाला टेकून बसलोय, म्हणून हा प्रसंग आज जरा जास्तच जवळचा वाटतोय.

तत्त्वज्ञांची उत्तरंही आहेत. संत ऑगस्टीन म्हणतो, देवानं माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं आणि माणसानं ते वाईटाकडे वळवलं. लढाईला हे लागू पडतं. भूकंपाला कसं लावायचं, तिथं माझी गाडी अडते. म्हणून मी तत्त्वज्ञांना सोडून एका बाईकडे वळतो.

पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मुलीला संस्कृत शिकवणारा विद्वान. तीर्थाटन करत, पुराणं सांगत हे कुटुंब दक्षिणेत फिरत होतं. दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून दानधर्मात, अनुष्ठानात घातलं, म्हणजे देव पावेल. देव पावला नाही. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. आईची तिरडी उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ, चौथी रमाबाई. उंची कमी, खांद्याला खांदा जुळेना, म्हणून त्यांनी आपल्या वाटणीचा भार डोक्यावर घेतला. वय सोळा.

पुढं बहीण-भाऊ पायी उत्तरेकडे निघाले, १८७८ ला कलकत्त्याला पोचले. 'पंडिता' ही पदवी तिथली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा.

आता माझ्या मनातला किंतु सांगतो. रमाबाई पुढं आपल्या आयुष्याकडे वळून बघताना म्हणतात, की देवानंच आपल्याला इथवर आणलं. ताई, तुमच्या चर्चमधल्या त्या वडीलधाऱ्यांसारखंच वाटतं ना? मलाही आधी खटकलं. पण आईची तिरडी डोक्यावर घेतलेल्या बाईनं स्वतःच्या आयुष्याबद्दल असं म्हणणं वेगळं, आणि तिच्या शेजारी उभं राहून कुणी तिला ऐकवणं वेगळं. पहिली साक्ष झाली. दुसरं ईयोबाच्या मित्रांचं काम.

आणि दुसऱ्यांच्या दुःखापाशी रमाबाईंनी काय केलं ते बघा. १८९६-९७ चा दुष्काळ आला. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, छावण्या बघितल्या, उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे शारदा सदनात एवढ्या मुली ठेवता येईनात, म्हणून दौंडजवळ केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. मग १८९९-१९०० चा दुष्काळ, गुजरातेतल्या मुली. संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शाळा, शेती, विणकाम, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय. 'दुष्काळात भाकरी दाखवून बाटवतात' हा आरोप तेव्हाही झाला, आणि दुष्काळातल्या सगळ्याच मिशनकामावर तो होत आलाय. प्रश्न गैरलागू नाही. पण त्या मुलींना दुसरं कोण घ्यायला आलं होतं, हाही प्रश्न त्याच कागदावर लिहावा लागतो.

आणखी एक. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या दवाखान्यात त्यांच्याकडच्या एका मुलीची हेळसांड झाली, तेव्हा त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये सरकारवर सडकून टीका करणारं पत्र छापलं. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. श्रद्धाळू बाई होती, पण सरकारची चूक देवाच्या खात्यावर टाकून गप्प बसली नाही. दुष्काळाचंही तसंच आहे. पाऊस वरून येतो. पण १८७७ मध्ये खडी फोडणाऱ्याला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, हे सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलं होतं, आणि त्याच काळात बंदरातून धान्य बाहेर चाललं होतं.

शेवट गोड झाला असंही नाही. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. जिच्यावर सगळं सोपवायचं तीच. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणण्याचं काम संपवत आणत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. त्यात ईयोबही आहे आणि क्रुसावरचा येशूही, जो मरताना देवाला 'का सोडलंस' असं विचारतो. मार्काच्या शुभवर्तमानात त्याला त्या घडीला वरून काही उत्तर येत नाही. ख्रिस्ती माणसाचा देव हा प्रश्न बाहेर उभा राहून ऐकत नाही, तो प्रश्न त्याच्याच तोंडी आहे. मला समजलेला ख्रिस्ती विचार एवढाच. यानं 'का' सुटत नाही. विचारणारा एकटा राहत नाही, इतकंच.

आता किल्लारी. विसर्जनाची रात्र, माणसं उशिरा झोपलेली, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. सरकारी हिशेबानं जवळजवळ आठ हजार माणसं गेली. परंडा तिथून शंभराहून जास्त किलोमीटर, तरी आमच्याकडं भांडी वाजली होती. मी लहान होतो, आजीनं मला ओढत अंगणात आणलं. भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता. मारलं ते घरांनी. दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर माळवदाची माती, दर पावसाळ्याआधी आणखी एक थर. उन्हाळ्यात गार राहावं म्हणून बापजाद्यांनी मायेनं बांधलेली घरं. यात पापी कोण? मला कुणी दिसत नाही. जमीन का हलली, याचं उत्तर मला रमाबाईंकडेही सापडलं नाही आणि मी ते बनवून देणार नाही.

ताई, तुम्ही विचारलं होतं, आधीच्यांना काय मिळालं. तुकोबांना भांडण मिळालं. ईयोबाला, मित्र चुकले एवढा निवाडा मिळाला. रमाबाईंना केडगावचा माळ मिळाला, आणि तिथंही त्यांना लेकीला निरोप द्यावा लागला. भावाचं नाव तुम्ही मेसेजमध्ये सांगितलंय, तो मेसेज मी पुसलेला नाही.

इथून खाली गावात बघितलं तर जुन्या गल्ल्यांत अजून माळवदं दिसतात. ज्यांच्या घरावर मातीचे थर चढत गेलेत, त्यांनी या उन्हाळ्यात एकदा गवंड्याला बोलावून भिंत आणि लाकडं दाखवून घ्या. आमच्याही घराचं मागचं माळवद उतरवायचं राहिलंय, चैत्रात काढतोय.

चला, किल्ला बंद करायची वेळ झाली, रखवालदार मामा हात करतायत. भेटू पुढच्या भागात.