दिव्यांगांचा आरोग्य विमा : भिवंडीकरांसाठी माहिती

यंत्रमागावर किंवा गोदामात काम करणाऱ्या आपल्या अनेक बांधवांना कर्मचारी राज्य विमा नाही. घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर दोन सरकारी योजना माहीत हव्यात. दोघींचे काम वेगळे आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे ठरावीक उपचार व शस्त्रक्रिया यांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड व आधारकार्ड न्यावे. हेल्पलाइन १५५३८८.

निरामय योजना : दर महिन्याच्या थेरपीचा खर्च फुले योजनेत बसत नाही, तिथे निरामय कामी येते. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ही योजना स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. संरक्षण १ लाख रुपयांपर्यंत. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. आधी खर्च करून नंतर दावा करायचा असतो, म्हणून प्रत्येक बिल व डॉक्टरांची चिठ्ठी जपावी. नूतनीकरण चुकवू नये.

निरामयसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करता येतो. मात्र प्रमाणपत्र मिळाले म्हणजे विमा झाला, असे नाही. नोंदणी वेगळी करावी लागते.

बऱ्याचदा दिव्यांग मुलाचे नाव रेशनकार्डावर चढवलेलेच नसते. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते आजच तपासा. रविवारी विहारात वंदनेनंतर शिकलेल्या तरुणांनी तासभर कागदपत्रे पाहून दिली, तरी अनेक घरांचे काम होईल. जयभीम.