ॲनिमे व अमेरिकी कार्टून

ॲनिमे व अमेरिकी कार्टून : रेखाटलेल्या चित्रांना गती देऊन गोष्ट सांगणाऱ्या दोन प्रमुख चित्रपट-परंपरा. पहिली जपानची, दुसरी अमेरिकेची. महाराष्ट्राचा दोन्हींशी प्रत्यक्ष संबंध आला. त्याआधीचे देशी प्रयोग म्हणजे दादासाहेब फाळके यांची ‘आगकाड्यांची मौज’ (१९१५) आणि प्रभात फिल्म कंपनीचा ‘जंबूकाका’ (१९३४).

तंत्र : चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. डिस्नेच्या चित्रपटगृहांसाठीच्या कार्टूनपटांत त्यासाठी साधारण १२ ते २४ चित्रे काढली जात. त्यामुळे हालचाल लवचीक आणि अखंड वाटते. जपानी ॲनिमेकार ओसामू तेझुका स्वतः डिस्नेचे चाहते होते. पण १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झालेल्या त्यांच्या ‘ॲस्ट्रो बॉय’ मालिकेचा अर्ध्या तासाचा भाग दर आठवड्याला तुटपुंज्या पैशांत पुरा करायचा होता. म्हणून एकच चित्र तीन चौकटींपर्यंत ठेवण्याची पद्धत रुळली. सेकंदाला आठ चित्रांवर भागू लागले. पात्र बोलताना धड स्थिर राहते, फक्त ओठांचे चित्र बदलते. धावताना मागचे दृश्य सरकवले जाते. वाचलेले श्रम चेहऱ्यावरील भाव, कॅमेऱ्याचा कोन आणि स्तब्ध क्षण यांवर खर्च झाले व त्यातूनच ॲनिमेची शैली घडली. अमेरिकेत हॅना-बार्बेरा या कार्टून-निर्मात्यांनीही दूरचित्रवाणीसाठी अशीच काटकसर केली होती. तिथे मात्र भर चुरचुरीत संवाद आणि विनोदावर राहिला.

मूळ साहित्य : अनेक ॲनिमे मांगा या जपानी चित्रकथांवर बेतलेले असतात. मांगा सहसा एकाच लेखक-चित्रकाराची निर्मिती असते. पात्रे वाढतात, मरतात आणि कथा संपते. सुपरमॅन (१९३८), बॅटमॅन (१९३९) ही पात्रे मात्र प्रकाशन कंपन्यांच्या मालकीची असल्याने लेखक बदलत गेले, नायक तरुणच राहिला आणि प्रत्येक रूपांतरात कथा नव्याने सुरू झाली. अपवादही आहेत : ‘डोरेमॉन’ या ॲनिमेमधला नोबिता वर्षानुवर्षे शाळेतच आहे.

एक कथा, दोन रूपे : किपलिंगच्या मोगलीचे जंगल सिवनीचे, म्हणजे विदर्भाच्या सीमेलगतचे. डिस्नेचा ‘द जंगल बुक’ (१९६७) ही कथा सव्वा तासात गाणी आणि बल्लू अस्वलाची धमाल यांतून सांगतो. निप्पॉन ॲनिमेशनची मालिका (१९८९-९०) ५२ भागांची. तिच्यात लांडग्यांचा म्होरक्या अकेला याचा मृत्यू आणि मोगलीचे मोठे होणे यांना पुरेसा अवकाश आहे. ही मालिका हिंदीत दूरदर्शनवर आली. शेरखान या वाघाला नाना पाटेकर यांनी आवाज दिला आणि शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले.

मुंबईतील संगम : डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन (१९३१–२०१९) पुढे ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’ या भारत-जपान चित्रपटाचे युगो साको व कोइची सासाकी यांच्यासह दिग्दर्शक झाले. रेखाटनाचे मुख्य काम जपानमध्ये झाले आणि सुमारे ४५० कलावंत त्यात गुंतले होते. धोतर कसे नेसतात, मुले वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा घेतात, हे भारतीय चमूने जपानी चित्रकारांना समजावून दिले. संगीत वनराज भाटिया यांचे होते. चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण झाला. राम मोहन यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

मूल्यमापन : कार्टून पोरांसाठी आणि ॲनिमे मोठ्यांसाठी, ही विभागणी टिकत नाही. खरा फरक आहे तो चित्रांची काटकसर कशी वापरली आणि कथेची मालकी कोणाकडे राहिली, यात. राम मोहन यांच्या कामातून दिसते की डिस्नेच्या शिस्तीत घडलेला कलावंत जपानी चमूबरोबरही काम करू शकतो.

मराठीतील उपलब्धता : ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अमेरिकी रूपांतरपट २०२३ मध्ये भारतात दहा भाषांत लागला, मराठी त्यांपैकी एक होती. त्यातील भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर हे पात्र मुळात २००४ च्या कॉमिकमधले. ‘रामायण’ मात्र जानेवारी २०२५ मध्ये हिंदी, इंग्रजी, तमिळ व तेलुगूत पुन्हा प्रदर्शित झाला, मराठीत नाही. मुंबईच्या कलावंताच्या सहदिग्दर्शनाचा हा चित्रपट मराठी मुलांनी मराठीत ऐकावा, हे काम व्हायला हवे.