प्रथिने वेगळी करणारे सच्छिद्र बहुवारिक गोलक

प्रथिनांचे मिश्रण वेगळे करण्यासाठी क्रोमॅटोग्राफीच्या (वर्णलेखनाच्या) स्तंभात पॉलिमरचे, म्हणजे बहुवारिकाचे, जे बारीक सच्छिद्र मणी भरतात त्यांना सच्छिद्र बहुवारिक गोलक म्हणतात. त्यांचा व्यास बहुधा 10 ते 100 मायक्रोमीटर असतो. कोरडे मणी हातावर घेतले तर पिठीसारखे लागतात. प्रतिपिंडांपासून बनवलेली औषधे शुद्ध करताना पेशींतील इतर प्रथिने, डीएनए आणि जिवाणूजन्य विषे काढून टाकावी लागतात. ती इंजेक्शनवाटे रक्तात गेली तर रुग्णाला धोका असतो. हे काम मुख्यतः या मण्यांकडे असते.

मणी सच्छिद्र हवा, कारण प्रथिने पृष्ठभागाला चिकटतात आणि बहुतेक सगळा पृष्ठभाग छिद्रांच्या आत असतो. प्रतिपिंडाचा रेणू सुमारे 10 नॅनोमीटरचा असतो. छिद्र तेवढेच असेल तर तो आत शिरू शकत नाही किंवा वाटेतच रेंगाळतो. म्हणून 30 ते 100 नॅनोमीटरची छिद्रे सोयीची ठरतात. त्याहून फार मोठी केली तर पृष्ठभागच कमी होतो.

मणी बनवण्याची रुळलेली पद्धत म्हणजे निलंबन बहुवारिकीकरण. स्टायरीन आणि डायव्हिनिलबेंझीन ही एकवारिके, बेंझॉइल पेरॉक्साइडसारखा प्रारंभक आणि एक रंध्रकारक द्रव यांचे तेलकट मिश्रण करतात. पाण्यात थोडे पॉलिव्हिनिल अल्कोहोल विरघळवून त्यात हे मिश्रण ढवळतात. तेलाचे थेंब होतात आणि अल्कोहोलचा थर त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. तापमान 70 ते 80 अंश सेल्सिअसपर्यंत नेले की काही तासांत प्रत्येक थेंबाचा घट्ट मणी होतो.

छिद्रे येतात ती रंध्रकारकामुळे. तो विक्रियेत भाग घेत नाही. साखळ्या वाढून एकमेकींत गुंतत गेल्या की त्या या द्रवात विरघळून राहू शकत नाहीत. त्यांचे सूक्ष्म कण वेगळे होतात आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे एकमेकांना चिकटतात. कणांमधल्या फटी म्हणजेच छिद्रे. शेवटी ॲसिटोन किंवा मेथॅनॉलने धुऊन रंध्रकारक काढून टाकतात. टोल्युइन वापरले तर कण उशिरा वेगळे होतात आणि छिद्रे लहान राहतात. डोडेकॅनॉलमध्ये साखळ्या लवकर बाहेर पडतात, त्यामुळे छिद्रे मोठी होतात. प्रत्यक्षात दोन्हींचे प्रमाण बदलून हवे ते माप साधतात.

ढवळण्याचा वेग वाढवला तर थेंब बारीक होतात, पण सारखे कधीच होत नाहीत. ही या पद्धतीची खरी अडचण आहे. मोठ्या मण्यांच्या फटींत चुरा बसला की प्रवाह अडतो. मण्याचा व्यास निम्मा झाला तर तोच वेग राखायला चौपट दाब लागतो. मग चाळणे आले आणि माल वाया जाणेही आले.

या अडचणीतून मार्ग काढला तो नॉर्वेतील ट्रॉनहेम येथील रसायनशास्त्रज्ञ यॉन उगेलस्टाड यांनी, 1970 च्या दशकात. मोठे, अगदी एकसारखे मणी वजनरहित अवस्थेतच होतील असे तेव्हा मानले जाई. नासाने 1982 पासून स्पेस शटलमध्ये तसे प्रयोग केलेही. उगेलस्टाड यांनी एकसारखे, अतिशय लहान पॉलिस्टायरीनचे बीजकण घेतले आणि त्यांत आधी पाण्यात न विरघळणारे, लहान रेणूंचे एक संयुग मुरवले. त्यामुळे ते कण आपल्या आकारमानाच्या शेकडो पट एकवारिक शोषू लागले. बीज सारखे म्हणून मणीही सारखे. याच तंत्रावर आधारलेले, 10 मायक्रोमीटर मण्यांचे मोनो क्यू हे स्तंभ स्वीडनच्या फार्मासिया कंपनीने 1982 मध्ये बाजारात आणले.

मणी झाला म्हणजे काम संपत नाही. पॉलिस्टायरीन जलविरोधी असल्याने प्रथिने त्याला घट्ट चिकटतात आणि त्यांची घडी उलगडते. असे प्रथिन निरुपयोगी. म्हणून पृष्ठभागावर जलस्नेही थर चढवतात आणि त्यावर विद्युतभारित गट जोडतात. धनभारित गट ऋणभारित प्रथिने धरून ठेवतात. द्रावणातील मीठ हळूहळू वाढवले की ती एकेक करून सुटतात. ग्लिसिडिल मेथॅक्रिलेटपासून केलेल्या मण्यांत इपॉक्सी गट आधीच असतो, त्यामुळे ही जोडणी सोपी जाते.

निसर्गातून मिळणारे बहुवारिकही चालते. उप्सालाच्या स्टेलान येर्टेन यांनी 1964 मध्ये समुद्री शेवाळातील ॲगॅरोजचे गोलक करण्याची रीत प्रसिद्ध केली. गरम द्रावणाचे थेंब सेंद्रिय द्रवात करायचे आणि थंड करून गोठवायचे. हे मणी प्रथिनांना सौम्य, पण दाबाखाली चेपणारे. रासायनिक जोडबंधांनी त्यांना ताठ करावे लागते. तरीही औषधनिर्मितीत ते आजही मोठ्या प्रमाणावर वापरले जातात, कारण प्रत्येक खेपेनंतर कॉस्टिक सोड्याने धुतले तरी ते टिकतात. सिलिकाचे मणी अशा धुण्यात विरघळू लागतात.