एका दिवसात जाऊन येण्यासारखं

विषय पक्का करताना आपण सगळे एक गोष्ट हमखास बघतो: साधनं किती मिळतील? ज्या ठिकाणावर भरपूर लिहिलं गेलंय ते महत्त्वाचं असणार, असं आपण नकळत धरून चालतो. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून जातो. त्या ठिकाणावर एवढं लिहिलं का गेलं? कधीकधी उत्तर अगदी साधं निघतं. तिथे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं, म्हणून.

घारापुरीचं उदाहरण घेऊ. मुंबईच्या किनाऱ्यापासून हे बेट साधारण दहा किलोमीटरवर. आज लाँचने तासाभरात पोचतो, धक्क्यावरून चालत जातो, शंभरावर पायऱ्या चढतो, गाईड ठरवतो, मोठं लेणं बघतो आणि शेवटच्या लाँचच्या आत खाली येतो. या सहलीचा आराखडा दोनशे वर्षांत फारसा बदललेला नाही. मारिया ग्रॅहॅम १८०९ मध्ये इथे आल्या, बिशप हेबर १८२५ मध्ये. १८५९ साली लंडनच्या मरे प्रकाशनाने मुंबई इलाख्याची हँडबुक काढली, आणि मग काय बघायचं, कसं जायचं हे छापील स्वरूपात हातात आलं. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स आले तेव्हा लेण्यातच मेजवानी झाली. मुंबईत उतरलेल्या जवळजवळ प्रत्येक साहेबासाठी घारापुरी हा ठरलेला दिवसभराचा कार्यक्रम होता.

परिणाम काय झाला? वर्णनं खूप झाली, पण ती एकाच वाटेवरची. होडी, चढण, दगडी हत्ती, अंधारातून दिसणारी तीन मुखांची प्रचंड मूर्ती, भग्न खांब, परतीचा प्रवास. पाच-सहा प्रवासवर्णनं ओळीने वाचून बघा, पुढचा परिच्छेद कशावर असेल हे आधीच सांगता येईल. इथे सावध व्हायचं. वीस लोकांनी एकच गोष्ट लिहिली म्हणजे वीस साक्षी झाल्या असं नाही. वीस जण एकाच पायवाटेने गेले आणि जायच्या आधी बऱ्याच जणांनी तेच पुस्तक वाचलं होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

याचा ठळक नमुना म्हणजे 'त्रिमूर्ती' हे नाव. तीन मुखं दिसतात, म्हणून ब्रह्मा, विष्णू, महेश असा अर्थ लावला गेला आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिला. पुढे टी. ए. गोपीनाथ राव यांच्यासारख्या मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी शैव ग्रंथांच्या आधारे ही शिवाचीच मूर्ती असल्याचं मांडलं. आज अभ्यासक तिला सदाशिव किंवा महेशमूर्ती म्हणतात. तरी 'त्रिमूर्ती' हे नाव सहलींतून अजून गेलेलं नाही. तासाभरात सगळं बघायचं असतं तेव्हा पटकन कळणारं स्पष्टीकरणच टिकतं.

आता या वाटेच्या बाहेर काय राहिलं ते बघा. बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. किनाऱ्यालगतच्या शोधकामात रोमन अँफोरांचे, म्हणजे दारू वगैरे वाहून नेण्याच्या मोठ्या कुंभांचे, तुकडे मिळालेत. म्हणजे बेटाला बंदर आणि व्यापाराचाही इतिहास आहे. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत. जुन्या सहलींच्या वर्णनांत या गावांतला माणूस फार तर होडीवाला, वाटाड्या किंवा ओझं वाहणारा म्हणून येतो, बहुतेकदा नावाशिवाय. याच गावांना समुद्राखालून केबल टाकून वीज मिळाली ती २०१८ मध्ये. पर्यटकांना इथे मुक्कामाला राहता येत नाही. बाहेरच्यांच्या लेखी बेट संध्याकाळी संपतं. संध्याकाळनंतरचं घारापुरी साधनांमध्ये का सापडत नाही, याचं उत्तर लाँचच्या वेळापत्रकात आहे.

मग एका दिवसाच्या सहली संशोधनाला निरुपयोगी का? तसं नाही. कार्स्टन नीबूर १७६४ मध्ये मुंबईत होता. तो घारापुरीला एकदा जाऊन थांबला नाही, चित्रं आणि आराखडे काढण्यासाठी तीनदा गेला. अंतर तेवढंच, पण हातातलं काम वेगळं. म्हणून त्याचं लेखन मोजमापांसाठी आणि आराखड्यांसाठी वापरता येतं. विल्यम अर्स्किन यांचा निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीने १८१९ मध्ये छापला, जेम्स बर्जेस यांचं घारापुरीवरचं पुस्तक १८७१ मध्ये आलं. सहलीची टिपणं आणि असं काम यांतला फरक दर्जाचा नंतर, आधी तो वेळेचा आहे.

उलट टोकाला अजिंठा ठेवा. जॉन स्मिथने १८१९ मध्ये दहाव्या लेण्यातल्या खांबावर नाव कोरलं, पण मुंबईहून अजिंठा म्हणजे एका दिवसाचं काम नव्हे. तिथलं एकोणिसाव्या शतकातलं मोठं काम मुक्काम ठोकणाऱ्यांनी केलं. रॉबर्ट गिल १८४४ पासून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत वर्षानुवर्षं तिथे राहिला. त्यातल्या बहुतेक १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. म्हणजे घारापुरीसाठी वरवरची साधनं पुष्कळ आणि अजिंठ्यासाठी खोलवरची पण मोजकी. दोन्हींची तुलना करणारा प्रबंध लिहायचा तर ही असमानता पहिल्याच प्रकरणात सांगायला हवी. नाहीतर वाचक साधनांच्या संख्येलाच महत्त्व समजून बसेल.

आपल्याकडचं एक वेगळं उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबींचं. पुण्यात राहून त्यांनी आसपासचा परिसर पायी पालथा घातला. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या पुस्तकात लेण्यांबरोबर गावदेवी, जुन्या वाटा, दगडाची सूक्ष्म हत्यारं हे सगळं एकत्र येतं. ते शक्य झालं कारण त्यांनी स्मारकाइतकंच लक्ष स्मारकाकडे जाणाऱ्या वाटेकडे दिलं.

आता कामाचं. तुमच्या विषयात प्रवासवर्णनं किंवा गाईडबुकं असतील तर प्रत्येकासमोर चार रकाने करा. लेखक कशाने आला? किती वेळ थांबला? कोणी नेलं? जायच्या आधी काय वाचलं होतं? 'आम्हाला दाखवलं', 'असं सांगतात' अशी वाक्यं वेगळी काढा. तिथे बोलणारा माणूस स्थानिक असतो, फक्त त्याचं नाव गाळलेलं असतं. तेच नाव महसुलाच्या, बंदराच्या किंवा पुरातत्त्व खात्याच्या दप्तरात मिळतंय का ते शोधा. आणि त्या ठिकाणी स्वतः जाल तेव्हा गाईड जरूर घ्या. तो जे सांगतो ते टिपून ठेवा, सहलींच्या दोनशे वर्षांच्या परंपरेचा तो आजचा दुवा आहे. मग त्यालाच विचारा, लोक सहसा कुठे जात नाहीत? त्याचं उत्तर पाचव्या रकान्यात लिहा.