गाडी कंपनीची, ठोकली तुम्ही, बिल कोणाचं?

ऑनसाइट अमेरिकेला जाऊन आलेल्या बहुतेकांनी एकदा तरी भाड्याची गाडी घेतलेली असते. काउंटरवर लायसन्स आणि क्रेडिट कार्ड दाखवायचं, चार ठिकाणी सह्या ठोकायच्या, की किल्ली हातात. सह्या कशावर केल्या ते कोण वाचतो! मला मात्र असले कागद वाचायची खोड आहे. वाचता वाचता प्रश्न पडला: समजा या गाडीनं मी कुणाला उडवलं, तर त्याच्या हॉस्पिटलचा खर्च कोण देणार? मी, की गाडीची मालक कंपनी?

तुम्ही म्हणाल, त्यात काय, ज्यानं धडक दिली त्यानं भरावं. इंग्लंडकडून अमेरिकेत आलेला जुना कायदाही साधारण हेच म्हणायचा. भाड्यानं दिलेला घोडा गिऱ्हाइकानं बेफाम हाकला आणि कुणी तुडवलं गेलं, तर तबेलेवाला सुटायचा. घोडाच खोडील निघाला तर गोष्ट वेगळी.

मग मोटार आली. वॉल्टर जेकब्सनं १९१८ मध्ये शिकागोत डझनभर फोर्ड मॉडेल टी घेऊन भाड्याचा धंदा सुरू केला. १९२३ मध्ये तो जॉन हर्ट्झनं विकत घेतला (हो, तेच ते हर्ट्झ). पैसे मोजा, गाडी न्या. पण ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्याच्या खिशात भरपाईचे पैसे तरी कुठून असणार? आणि विमा? तो सगळ्यांना सक्तीचा करणारं पहिलं राज्य मॅसॅच्युसेट्स, तेही १९२७ मध्ये. म्हणजे रस्त्यावर पाय मोडून पडलेल्या माणसाला कोर्टात जिंकूनही हाती काही लागायची खात्री नव्हती.

काही राज्यांनी यावर उपाय काढला. फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टानं १९२० मध्ये मोटारीला 'धोकादायक साधन' ठरवलं. असं साधन दुसऱ्याच्या हाती देणारा मालक जबाबदार. न्यूयॉर्कनं १९२४ मध्ये कायदाच केला, की मालकाच्या परवानगीनं गाडी चालवणाऱ्याच्या हलगर्जीपणाला मालकही जबाबदार. कनेक्टिकटनं तर थेट भाड्यानं गाडी देणाऱ्यांनाच धरलं.

याच कनेक्टिकटच्या कायद्यावरून १९२८ मध्ये एक भन्नाट खटला झाला. अमेरिकेत लॉ करणाऱ्यांना तो आजही शिकवतात. लेव्ही विरुद्ध डॅनियल्स यू-ड्राइव्ह ऑटो रेंटिंग कंपनी. गाडी भाड्यानं घेतली हार्टफर्डमध्ये, म्हणजे कनेक्टिकटात. अपघात झाला हद्दीपलीकडे, मॅसॅच्युसेट्समधल्या लाँगमेडोला. जखमी झाला तो त्याच गाडीतला सहप्रवासी. कंपनी म्हणाली, अपघात मॅसॅच्युसेट्सात झाला, तिथला कायदा लावा. तिथे गिऱ्हाइकाच्या चुकीला मालक जबाबदार नव्हता. वकिलाचा मुद्दा चोख होता. पण कोर्टानं गाडं उलट बाजूनं पाहिलं: गाडी भाड्यानं दिली तो करार हार्टफर्डचा. कनेक्टिकटचा कायदा त्या कराराचाच भाग, आणि तो ज्यांना इजा होऊ शकते त्यांच्या भल्यासाठी आहे. म्हणून गाडी कुठेही जावो, जबाबदारी तिच्यासोबत जाते. शिवाय कायद्याचा हेतू काय, तर कंपनीनं गाडी कुणाच्याही हाती न देता जपून चालवणाऱ्यालाच द्यावी. मला हे लॉजिक जाम आवडलं. रिस्क कमी करणं ज्याच्या हातात आहे, त्यालाच खर्चाची भीती घाला!

अर्थात कंपन्यांचंही म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. काउंटरवरच्या पोऱ्यानं लायसन्स बघितलं, ते खरं निघालं. आता हा गृहस्थ रात्री काय करणार हे त्याला काय स्वप्न पडणार? त्यात न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी रकमेला मर्यादाच नाही. काही वर्षांच्या लीजवर दिलेल्या गाड्यांनाही तेच लागू, म्हणून २००३ च्या सुमारास काही वित्तकंपन्यांनी न्यूयॉर्कमध्ये लीज देणंच थांबवलं.

फ्लोरिडानं यातून मधला रस्ता काढला होता. १९९९ मध्ये अल्पकाळासाठी गाडी देणाऱ्या कंपन्यांची जबाबदारी ठेवली, पण माणशी १ लाख आणि अपघातामागे ३ लाख डॉलरपर्यंत. गिऱ्हाइकाचा विमा तोकडा असेल तर आर्थिक नुकसानीसाठी आणखी ५ लाखांपर्यंत. माझ्या मते हे शहाणपणाचं होतं. कंपनी बुडत नाही, जखमी माणूसही रस्त्यावर येत नाही.

पण २००५ मध्ये मिसूरीचे खासदार सॅम ग्रेव्हज यांनी एक दुरुस्ती आणली. कशात, तर सुमारे २८६ अब्ज डॉलरच्या रस्तेबांधणीच्या अवाढव्य विधेयकात! १० ऑगस्ट २००५ ला बुश यांनी सही केली आणि ऐंशी वर्षांचं काम एका कलमात निकालात निघालं. कंपनीची स्वतःची हलगर्जी किंवा गुन्हा नसेल, तर केवळ मालक आहे म्हणून तिला धरता येणार नाही. राज्यांचे विम्याचे नियम तेवढे शाबूत राहिले. न्यूयॉर्कच्या एका कोर्टानं २००६ मध्ये हे घटनाबाह्य ठरवलं, पण वरच्या कोर्टानं २००८ मध्ये तो निकाल फिरवला. फ्लोरिडाचा मधला रस्ताही वाचला नाही. २०११ मध्ये तिथल्याच सुप्रीम कोर्टानं सांगितलं, केंद्राच्या कायद्यापुढे तो टिकत नाही.

आता न्यूयॉर्कचा सक्तीचा किमान विमा बघा: एका जखमी माणसामागे २५,००० डॉलर. अमेरिकेत आयसीयूची दारं ज्यानं पाहिलीत त्याला हा आकडा किती दिवस पुरतो ते विचारा.

भाड्यानं देण्यापूर्वी गाडी नीट आहे की नाही बघणं मात्र अजूनही कंपनीकडेच. कॅलिफोर्नियात २००४ मध्ये दोन सख्ख्या बहिणी भाड्याच्या गाडीत गेल्या. उत्पादकानं दोषामुळे परत मागवलेली गाडी दुरुस्त न करताच दिली होती. २०१० मध्ये ज्युरीनं दीड कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि २०१५ मध्ये अशा गाड्या भाड्यानं देण्यावर बंदी घालणारा कायदा झाला.

बाकी ठोकाठोकीचं काय? त्यासाठी काउंटरवर जादा लायबिलिटी कव्हर मिळतं, दिवसाचे इतके डॉलर देऊन. फॉर्मवर त्याचा एक चौकोन असतो, 'नको' म्हणून आपण टिक करतो तोच.