विमानांचे हस्तांतरण : हद्दीवरचा नाजूक क्षण

अंधेरी-विलेपार्ल्याच्या दाट वस्तीला खेटून असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उडालेले विमान संपूर्ण प्रवासात एकाच नियंत्रकाच्या देखरेखीखाली नसते. धावपट्टीवर ते मनोऱ्याच्या ताब्यात असते. पुढे ते 'अ‍ॅप्रोच' कक्षाकडे, नंतर 'एरिया कंट्रोल'कडे आणि अरबी समुद्रावर दूर गेल्यास सागरी नियंत्रणाकडे सोपविले जाते. यालाच हस्तांतरण म्हणतात.

विमानाची ओळख, उंची, मार्ग आणि हद्दीवर पोहोचण्याची वेळ पुढील केंद्राला आधी कळवावी लागते. त्यानंतर वैमानिकाला नवी रेडिओ वारंवारता दिली जाते. चुका येथेच संभवतात. कधी उंचीतील बदल कळविला जात नाही, तर कधी वारंवारता चुकीची ऐकली जाते. म्हणूनच वैमानिकाने सूचना पुन्हा उच्चारून दाखविण्याचा दंडक आहे.

केंद्रांमधील संपर्क तुटल्यास काय घडते, हे १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेन येथे दिसले. दोन विमाने झुरिकच्या नियंत्रणाखाली एकाच उंचीवर आली होती. शेजारच्या कार्ल्सरूहे केंद्राला धोका दिसला. परंतु झुरिकचा दूरध्वनी लागला नाही. त्यातच नियंत्रकाचा आदेश टक्कररोधक यंत्रणेच्या सूचनेच्या विरुद्ध ठरला. टक्करीत ७१ जण मृत्युमुखी पडले.

मुंबईच्या आकाशात जुहूच्या हेलिकॉप्टरांची वर्दळ पूर्वीपासूनच आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्याने या समन्वयाचे महत्त्व अधिकच वाढले आहे.